झोपेत पैसे येत नाहीत, पण स्वतःचं छोटं दुकान उभं राहू शकतं

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. घरात भरतीची तयारी करणारं, डीटीपीच्या दुकानात बसणारं किंवा शिवणकाम करणारं कुणी असेल तर त्यांनाही वाचायला द्या.

हल्ली मोबाइल उघडला की चार रील्सनंतर एक जाहिरात येतेच. भाड्याच्या गाडीला टेकून उभा असलेला एक पोरगा सांगतो, "डिजिटल प्रॉडक्ट विका, एकदा बनवा, आयुष्यभर झोपेत पैसे." खाली लिंक. ९९ रुपयांचा वेबिनार. दोन तास तो स्वतःची गरिबी, आईचे अश्रू आणि बँकेचे स्क्रीनशॉट दाखवतो. शेवटच्या दहा मिनिटांत खरा माल बाहेर येतो. पंचवीस हजारांचा कोर्स आज रात्री बारापर्यंत चौदा हजार नऊशे नव्व्याण्णव. घड्याळ उलटं पळत असतं. दुसऱ्या दिवशी तीच ऑफर, तेच घड्याळ.

आपल्या बार्शी तालुक्यातली किमान पाच-सहा पोरं या फेऱ्यात पैसे घालवून बसलेली मला माहीत आहेत. नावं लिहीत नाही, आधीच घरी तोंड दाखवायची चोरी झाली आहे. त्यातल्या एकाच्या वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीतले पैसे दिले होते. मिळालं काय? एक तयार वेबसाइट, जी त्याच्यासारख्या इतर शेकडो जणांकडे तशीच्या तशी होती. आणि गूगल ड्राइव्हची एक लिंक. त्यात दहा हजार रील्स, पाच हजार फोटो, 'मोटिव्हेशनल' पीडीएफ, फ्लेक्सच्या डिझाइन. चार महिन्यांत विक्री झाली तीन. दोन मामाच्या घरातल्या.

आता यावर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया येतात. एक, "हे सगळं ऑनलाइन म्हणजे फसवणूकच, सोड आणि भरतीचा अभ्यास कर." दुसरी, "त्यानं मन लावून केलं नसेल." मला दोन्ही पटत नाहीत. पहिलीतून पोरांचा एक चांगला रस्ता बंद होतो. दुसरीतून लुटणारा सुटतो आणि लुटलेला दोषी ठरतो.

आधी त्या दहा हजार रील्सचं बोलू. हा माल कुणाचा?

स्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान चालवणारा एक मित्र आहे. वीस वर्षं वाढदिवस, श्रद्धांजली, यात्रा, गणेशमंडळं यांच्या डिझाइन करतो. गेल्या वर्षी त्यानं मला एक 'बंडल' दाखवलं. १४९ रुपयांत 'मराठी बॅनर महापॅक'. त्यात त्याच्या स्वतःच्या फाइल होत्या. कोपऱ्यातलं दुकानाचं नाव पुसलेलं, पण एका श्रद्धांजलीच्या बॅनरवर गावातल्या एका आजोबांचा फोटो तसाच राहिला होता. म्हणजे आपल्या गल्लीतल्या मयताचा फोटो कुठल्या तरी शहरातला कुणीतरी दीडशे रुपयांना विकतोय, आणि तो विकण्याचा 'बिझनेस' शिकायला आपलीच पोरं पंधरा हजार भरतायत.

हे लक्षात ठेवा. प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. डिझाइन, नोट्स, फोटो, फाँट, जे कुणी स्वतः बनवलं त्यावर बनवल्या क्षणापासून त्याचा हक्क असतो, नोंदणी सक्तीची नाही. जाणूनबुजून तो मोडला तर कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. "सरांनी रिसेल राइट्स दिलेत" म्हणून भागत नाही. जे सरांचंच नाही त्याचे हक्क सर कुठून देणार? दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरची जमीन कुणी स्टॅम्पपेपरवर लिहून दिली म्हणून ती तुमची होत नाही, तसंच हे.

आणखी एक प्रकार. बालभारतीची पुस्तकं बालभारतीच्याच वेबसाइटवर फुकट मिळतात. शासन निर्णय सरकारच्या साइटवर फुकट आहेत. जुन्या प्रश्नपत्रिकाही बऱ्याच ठिकाणी तशाच मिळतात. हेच गोळा करून 'प्रीमियम स्टडी मटेरियल' म्हणून १९९ रुपयांना विकणारे आहेत. २०२३ च्या तलाठी भरतीला ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. एवढी पोरं जिथं धडपडतायत, तिथं त्यांच्या घाईवर आणि भीतीवर दुकान मांडणं सोपं असतं. त्याला धंदा म्हणायची माझी तयारी नाही.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते.

उपळाई रोडच्या बाजूला राहणाऱ्या एक ताई आहेत, ब्लाऊज शिवतात. कटोरी, प्रिन्सेस कट, बोटनेक, सगळं. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या मुली एकच तक्रार करायच्या, "ताई, तुम्ही सांगता तेव्हा कळतं, घरी गेल्यावर माप चुकतं." त्यांच्या भाच्यानं डोकं लावलं. ताईंनी ३२ पासून ४४ पर्यंतच्या मापांचे कागदी पॅटर्न काढून दिले, त्यानं त्याच्या पीडीएफ केल्या. ए-फोर कागदावर प्रिंट काढायची, कडा जुळवून चिकटवायच्या, कापायचं. पहिल्या पानावर एक इंचाचा चौकोन. प्रिंट काढल्यावर तो टेपनं मोजायचा, बरोबर एक इंच भरला तरच पुढची पानं काढायची. झेरॉक्सवाल्यानं 'फिट टू पेज' ठेवलं की सगळं माप बिघडतं, म्हणून ही खूण. एका मापाची किंमत ४९ रुपये.

वेबसाइट म्हणाल तर पाच पानं. ताई कोण आहेत, काय मिळेल, नमुन्याचं एक पान फुकट, पैसे कसे भरायचे, अडचण आली तर फोन कुठं करायचा. बस. पहिल्या महिन्यात अकरा गेले. आता दिवाळी आणि लग्नसराईत बरे जातात, पावसाळ्यात थंड. ताईंचं शिवणकाम सुटलेलं नाही, सुटणारही नाही. पण नांदेडहून, बेळगावहून अनोळखी बाई फोन करून म्हणते, "ताई, तुमचा कटोरी बसला बरं का", याची किंमत त्यांच्या चेहऱ्यावर दिसते.

हिशोब मांडू, कारण जाहिरातीत तो कुणी मांडत नाही. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, वर्षाला साधारण आठशे-हजार. होस्टिंग म्हणजे जागेचं भाडं, साधं घेतलं तर वर्षाला तीनेक हजार धरा. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर बघून भुलू नका, नूतनीकरणाला तो दुप्पट-तिप्पट होतो. आधी तो आकडा विचारा. पेमेंट गेटवे साधारण दोन टक्के घेतो, त्यावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे ४९ रुपयांतले एक रुपया सोळा पैसे गेले, हातात ४७ रुपये ८४ पैसे. वर्षाचा चार हजारांचा खर्च निघायला ८४ प्रती विकाव्या लागतात. पंच्याऐंशीवी प्रत ही पहिली कमाई, त्यातूनही पॅटर्न काढायला गेलेले दिवस धरले नाहीत. हे गणित ज्याला मान्य आहे त्यानंच या वाटेला जावं. मला तर हे गणित चांगलं वाटतं. बार्शीत चार हजारांत वर्षभर गाळा कुठं मिळतो, सांगा.

आता कुणी म्हणेल, वेबसाइट कशाला? व्हॉट्सअ‍ॅप आहे, टेलिग्राम आहे, क्यूआर कोड पाठवायचा आणि पीडीएफ टाकायची.

सुरुवातीला तसंच करा, हरकत नाही. माल विकला जातोय का हे बघायला तो रस्ता बराच. पण कायमचं त्यावर राहू नका. आपल्या मार्केट यार्डाच्या गावाला हे वेगळं समजवायला नको. माल आपला, घाम आपला, पण गिऱ्हाईक अडत्याचं असलं की भाव कुणाच्या हातात असतो? अडत कुणी भरायची या वादावर २०१६ च्या जुलैमध्ये राज्यातले बाजार बंद पडले होते, आठवत असेल. ऑनलाइनही तेच आहे. मोठे प्लॅटफॉर्म कमिशन घेतात. गमरोडसारखं परदेशी ठिकाण दहा टक्के घेतं. ते एक वेळ परवडेल. पण उद्या त्यांनी नियम बदलला, पेज बंद केलं, ग्रुप उडाला, की तुमचं गिऱ्हाईक गेलं. पेपालनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देणं-घेणं बंद केलं. त्यावर अवलंबून असलेल्या छोट्या विक्रेत्यांना दुसरी सोय शोधावी लागली. स्वतःचं नाव, स्वतःची साइट असली की मागचा पेमेंटवाला बदलता येतो, दुकानाची पाटी तीच राहते.

म्हणून माझं साधं मत आहे. प्लॅटफॉर्मवर हाळी द्या, विक्री आपल्या दारात करा. आणि डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. वेबसाइट बनवून देणारा "माझ्याच खात्यावर ठेवतो, काळजी करू नका" म्हणाला तर काळजी करा. दुकानाची किल्ली मिस्त्रीकडं ठेवतं का कुणी?

ही साइट बनवायला कोर्स लागतो का? वर्डप्रेस २००३ पासून आहे, फुकट आहे. त्यावर दुकान चालवणारं वूकॉमर्सही मुळात फुकट आहे. शिकायला यूट्यूबवर मराठीतही भरपूर आहे. पंधरा दिवस संध्याकाळी दोन तास बसलं तर बारावी झालेल्या पोराला पाच पानांची साइट जमते. जे कोर्सवाले कधीच सांगत नाहीत ते थोडं सांगतो.

मजकूर युनिकोडमध्ये लिहा. आपल्या डीटीपीच्या पोरांचा हात श्री-लिपीवर बसलेला असतो. तो छपाईला उत्तम. पण तिथलं तसंच उचलून साइटवर चिकटवलं की अक्षरांची खिचडी होते, आणि चित्र करून टाकलं तर गूगलवर शोधणाऱ्याला तुमचं दुकान सापडणं अवघड. लोक 'कटोरी ब्लाऊज कटिंग मराठी' असंच शोधतात, मग ते शब्द पानावर अक्षरांत असायला हवेत. फाँटही चोरीचा नको. मुंबईच्या एक टाइपनं केलेले मुक्ता, बालू हे देवनागरी फाँट खुल्या परवान्याचे आहेत, फुकट आणि देखणे.

पेमेंट गेटवेला पॅन, बँक खातं, पत्त्याचा पुरावा लागतो. साइटवर अटी, पैसे परत करण्याचं धोरण, गोपनीयता आणि संपर्काचं पान असावं लागतं. दुसऱ्याच्या साइटवरून ते उचलू नका. स्वतःच्या मराठीत लिहा, "फाइल उघडली नाही तर दुसरी पाठवू, तरी नाही जमलं तर सात दिवसांत पैसे परत." लोकांना हेच वाचायचं असतं. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० पासून लागू आहेत, त्यात डिजिटल मालही येतो. नियमित धंदा करणाऱ्याला तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण हे बंधन आहे. नाव-पत्ता लपवून विकणाऱ्याकडून म्हणूनच काही घेऊ नका, आणि स्वतःही तसं विकू नका.

गिऱ्हाईकाकडून नाव, फोन, ईमेल पुरे. पीडीएफ विकायला जन्मतारीख आणि आधार कशाला? वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झालाय, गोळा केलेली माहिती सांभाळण्याची जबाबदारी गोळा करणाऱ्यावर आहे.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. सेवांसाठी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण आयकराचं वेगळं असतं, कमाई विवरणात दाखवावीच लागते. एकदा सीएकडं बसून समजून घ्या.

आणि हो, विक्री सुरू करण्याआधी आईच्या किंवा शेजारच्या काकांच्या जुन्या मोबाइलवर स्वतः एक प्रत विकत घेऊन बघा. पैसे कटले, फाइल आली, उघडली, इथपर्यंत. तिथंच निम्मी गिऱ्हाइकं अडकतात.

चोरीचं काय? पीडीएफ विकली की रात्रीत टेलिग्रामवर जाते, ही भीती खरी आहे. पूर्ण उपाय नाही. प्रत्येक पानावर खरेदीदाराचं नाव छापता येतं, डाउनलोडची लिंक ठरावीक वेळेनंतर बंद करता येते. त्यानं आळशी चोर थांबतो, निबर नाही. पण एक बघा. ताईंच्या पॅटर्नसोबत 'माप चुकलं तर फोन करा' हे येतं. ते टेलिग्रामवर फुकट मिळत नाही. माल आणि माणूस जोडलेला असला की चोरीनं धंदा बुडत नाही. "आपल्याकडं लोक पीडीएफला पैसे देत नाहीत" म्हणणाऱ्यांनी अभ्यासिकेत जाऊन झेरॉक्सच्या नोट्सवर पोरं महिन्याला किती घालवतात ते विचारावं. लोक पैसे देतात, उपयोग दिसला पाहिजे.

मग अशा ताई आपल्या तालुक्यात किती असतील? झेडपीच्या शाळेत स्वतः कार्यपत्रिका बनवणारे गुरुजी, ज्यांच्या कार्यपत्रिका आज पाच जिल्ह्यांत फुकट फिरतात आणि खाली नाव दुसऱ्याचंच असतं. लग्नपत्रिकेचे व्हिडिओ करणारी पोरं. रांगोळीच्या, आरी वर्कच्या ट्रेसिंग काढणाऱ्या मुली. भजनाच्या चाली तबल्याच्या बोलांसकट लिहून ठेवणारे बुवा. प्रत्येकाकडं विकण्याजोगं आणि स्वतःचं काहीतरी आहे. नाहीये ती पाच पानांची साइट आणि ती करून देणारा विश्वासाचा माणूस.

इथं मला गावातल्या संस्थांना विचारायचंय. महाविद्यालयांत संगणक कक्ष आहेत, सुट्टीत कुलूप असतं. संगणकशास्त्राची मुलं प्रोजेक्ट म्हणून 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' करतात, जी त्यांच्याही लायब्ररीत वापरत नाहीत. त्याऐवजी प्रत्येक गटानं गावातल्या एका कारागिराची, एका शिक्षकाची, एका बचतगटाची साइट उभी करावी आणि वर्षभर चालवून दाखवावी. मुलांना खरं काम मिळेल, त्या माणसाला दुकान मिळेल. नगरपरिषदेच्या वाचनालयात महिन्यातून एक रविवार यासाठी दिला तर खर्च चहाचा. महिला बचतगटांना पापड-मसाल्याचं प्रशिक्षण देणाऱ्यांनी एकदा हेही देऊन बघावं. आणि कोर्सवाल्यांच्या जाहिरातीत ओळखीचा चेहरा म्हणून उभे राहणारे आपले 'इन्फ्लुएन्सर' पोरगे-पोरी, तुम्हाला दर व्हिडिओमागं जे मिळतं ते कुणाच्या सोयाबीनचं असतं, एवढं विचारा स्वतःला.

ज्यांचे पैसे गेलेत त्यांच्यासाठी. गप्प बसू नका. पावती, चॅट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, सरळ ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३०, आणि तीही लगेच, कारण उशीर झाला की पैसे पुढं सरकतात. आणि कुणी "तुझं बँक खातं वापरायला दे, कमिशन देतो" म्हणालं तर तिथून उठा. त्या खात्यात दुसऱ्याचे लुटलेले पैसे आले की पोलीस तुमच्या दारात येतात, त्याच्या नाही.

कोर्स घ्यायचाच असेल तर शिकवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा. "सर, हा कोर्स सोडून तुम्ही दुसरं काय विकता? त्याची साइट दाखवा." जो दाखवेल त्याच्याकडून शिका. जो घड्याळ दाखवेल त्याला नमस्कार करा.

येत्या महिन्यात अशी पाच माणसं आणि साइट करू शकणारी पाच पोरं एका टेबलाला बसवायचा माझा विचार आहे. बनवणाऱ्यांनी काय बनवता ते, आणि पोरांनी काय येतं ते, खाली लिहा. जागा कुणी देत असेल तर तेही सांगा. फी नाही, वेबिनार नाही, रात्री बारापर्यंतची मुदतही नाही.

पोस्ट शेअर करायला हरकत नाही. फक्त नाव पुसून करू नका. एवढं सगळं त्यावरच तर लिहिलंय.